हवालदारांनी गाळलेली बातमी

आप्पासो हवालदार पहिल्या महायुद्धात पार इराकात, बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. पेन्शनीत निघाल्यावर ते माण तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. दहिवडीहून मोटारीने वर्तमानपत्र यायचं, ते हवालदार रोज दिवेलागणीला चावडीत बसून मोठ्याने वाचून दाखवायचे. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा गावची निम्मी पोरं मुंबईच्या गिरण्यांत होती आणि बाकीची पलटणीत. चावडी बायाबापड्यांनी भरू लागली.

ऐकायला येणाऱ्यांना हवालदारांनी शिस्त लावली होती. पायताण बाहेर, विडी बाहेर. पाटील असो की त्याचा गडी, बसायचं एकाच घोंगड्यावर. एकजण बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि कुणी काहीही विचारलं तरी हसायचं नाही.

हा शेवटचा नियम गावाला पटला तो बनुबाईमुळे. बनुबाई विधवा. दोन मेंढरं आणि एकुलता एक दौलू, एवढाच तिचा संसार. दौलू इटलीत लढायला गेला तेव्हा तिने भर सभेत विचारलं होतं, "हवालदार, ही इटली पुण्याच्या अल्याड का पल्याड?" पाटलांचा पुतण्या लालासाहेब फिसकन हसला. हवालदारांनी हातातला कागद खाली ठेवला.

"लालासाहेब, उठा. आज तुमी बाहीर."

"आवं, मी नुसता..."

"बाहीर!"

पाटलांसमोर पाटलांच्या पुतण्याला बाहेर काढणारा माणूस गावाने पहिल्यांदाच बघितला. मग हवालदारांनी जमिनीवर काठीने समुद्र काढला, बोट काढली, आणि पार टोकाला एक रेघ मारून म्हणाले, "हितं हाय तुजा दौलू." त्या दिवसापासून बनुबाईच्या लेखी देवाखालोखाल हवालदार. वाटेत भेटले की ती डोईवरचा पदर सारखा करून बाजूला उभी राहायची. हवालदार वरून काही दाखवत नसत, पण घरी गेल्यावर बायकोला, गोदावरीला, दोनदोनदा सांगत.

चव्वेचाळीसच्या दिवाळीत याकूब पिंजारी परत आला. मूळचा गावचाच. आधी सांगलीला भावाच्या दुकानात गाद्या भरायचा, मग पलटणीत लॉरी चालवायला लागला. इटलीत लॉरी उलटली, गुडघा गेला, आणि सरकारने घरी पाठवला. पहिल्याच संध्याकाळी तो लंगडत चावडीत आला, चपला ओळीत लावल्या आणि दाराजवळ बसला.

हवालदारांनी इटलीची बातमी वाचली. नदीकाठी लढाई चालू आहे, पाऊस फार आहे, एवढंच होतं. बनुबाईने हात वर केला. "पाऊस म्हंजी कसा? दौलू निजतो कुटं?"

हवालदार म्हणाले, "तंबूत निजतात. पलटणीत समदी सोय असती."

"असती की," सगळे गप्प आहेत असं बघून याकूब हळूच म्हणाला. "पर बनुमावशी, लय येळा तिथल्या लोकांच्या गोठ्यातच निजायचं. गवत असतंय, ऊब असती. चिखल मातुर गुडघ्याएवढा. म्हाताऱ्या बाया दारात येऊन पोरास्नी गरम रस्सा देत्यात. आपल्यावानीच डोईवर पदर घेत्यात त्या."

बनुबाई वळून बसली. तिच्यामागोमाग सगळीच वळली. हवालदारांना समोर नुसत्या पाठी दिसल्या. इतक्या वर्षांत चावडीने त्यांना पाठ दाखवली नव्हती.

त्यानंतर रोज तेच. वाचायचे हवालदार, विचारायचं याकूबला. याकूब उद्धट असता तर बरं झालं असतं, त्याला बाहेर काढता आलं असतं. पण तो हात वर करायचा, परवानगी मागायचा, बोलणं झालं की "चुकलं असंल तर आप्पा सांगतील" म्हणायचा. त्या नम्रपणाने हवालदार आणखीच जळायचे. जेवताना भाकरी मोडून तशीच ताटात ठेवायचे.

"लॉरी हाकत होता," ते गोदावरीला म्हणाले. "बंदूक तरी धरली का त्यानं?"

"आवं, मग सांगतोय त्ये खोटं हाय का?" गोदावरीने विचारलं. हवालदार ताटावरून उठले.

मग त्यांनी नवे नियम काढले. प्रश्न वाचणाऱ्यालाच विचारायचा. कागदात नाही ते कुणी सांगायचं नाही. लोकांनी तेही मुकाट्याने पाळलं, फक्त सभा संपल्यावर याकूबभोवती घोळका जमू लागला. तेव्हा एका संध्याकाळी हवालदारांनी इटलीची बातमी दिसूनही पुढचं पान उलटलं. ब्रह्मदेश वाचला, कापसाचे भाव वाचले, आणि घडी घातली.

"इटलीचं काय न्हाई?" बनुबाईने विचारलं.

"न्हाई."

दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. इटली नाही म्हटल्यावर याकूबला विचारणार तरी काय? चावडी पुन्हा त्यांच्याकडे तोंड करून बसली. हवालदारांना गोड वाटलं. बनुबाईचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला. मेंढरं सोडून ती सकाळीच मोटारीच्या वाटेवर जाऊन उभी राहू लागली, कुणी पलटणवाला उतरला तर विचारावं म्हणून.

आठवड्याने याकूब हवालदारांच्या घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आप्पा, काल मी कापूस आणाया दहिवडीला गेलतो. तिथं शाळंतल्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला. इटलीचं होतं की त्यात."

हवालदारांनी विचारलं, "मग काल सभेत का न्हाई बोललास?"

"तुमी वाचत व्हता. मदी कसं बोलणार? तुमचीच शिस्त हाय ती."

त्याने भांडण केलं असतं तर हवालदारांनी परतफेड केली असती. पण हा पोरगा त्यांचाच नियम त्यांच्यापेक्षा नीट पाळत होता, आणि ते त्यांना सहन झालं नाही.

"उद्यापास्नं चावडीत येऊ नगंस," ते म्हणाले.

याकूब गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. हवालदारांनीच त्याला येऊ नको म्हटलं, हे आतून ऐकणाऱ्या गोदावरीने कुणाला तरी सांगितलं असावं. चार दिवसांत लोक त्याच्या पिंजायच्या ओसरीवर जाऊन बसू लागले. बातमी गाळल्याचं मात्र याकूबने कुणाला सांगितलं नाही, ते आप्पांनीच सांगावं असं त्याला वाटत होतं. शेवटी हवालदारांनी एका संध्याकाळी वर पाहिलं तर घोंगड्यावर फक्त पाटील होते, आणि तेही पेंगत होते.

गोदावरी त्या रात्री जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "बनुबाईला वाटतंय, दौलूची पलटण बुडाली म्हणून कागदात येत न्हाई. अन्न सोडलंय तिनं."

हवालदारांनी हात धुतला. त्यांना असं काही व्हावं असं वाटलं नव्हतं. त्यांना फक्त याकूब गप्प बसायला हवा होता.

सकाळी गाळलेल्या बातम्यांचे सगळे कागद काखेत मारून ते याकूबच्या ओसरीवर गेले. कापसाची धूळ उडत होती. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. हवालदारांनी चपला काढल्या, पण खाली बसले नाहीत.

"बनुबाई, इटलीचं येत व्हतं. मीच वाचलं न्हाई. लोक ह्याला इचारत्यात, ते मला बघवत नव्हतं."

याकूबने कापूस पिंजायची धनुकली बाजूला ठेवली.

"दौलूची पलटण?" बनुबाईने विचारलं.

"बुडाल्याचं कुटंच न्हाई. आता समदं वाचतो."

त्यांनी एकेक कागद वाचला, आणि प्रत्येक बातमीनंतर स्वतःच म्हणाले, "याकूब, सांग." बनुबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठली. हवालदारांना वाटलं, आता ही माफ करणार. ती म्हणाली, "मला वाचाया शिकवा. पुन्यांदा मला कुणाच्या तोंडाकडं बघाया लागू नये."

हे बोलणं हवालदारांना जन्मभर पुरलं. पण त्यांनी तिला शिकवलं. दुपारी चावडीत, राखेवर बोटाने अक्षरं काढून. ती हट्टाने शिकली, त्यांच्याशी कामापुरतंच बोलून. संध्याकाळची सभाही परत चावडीत भरू लागली. याकूब हवालदारांच्या शेजारी बसू लागला.

मे महिन्यात कागद आला तेव्हा हवालदारांनी आधी स्वतः वाचला आणि न बोलता बनुबाईच्या हातात दिला. ती अडखळत, बोट फिरवत, मोठ्याने वाचू लागली. "इ-ट-ली-ती-ल... यु-द्ध... थां-ब-ले." चावडीत बायका रडायला लागल्या. सगळी तोंडं बनुबाईकडे वळली होती. हवालदारांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

याकूब त्यांच्याकडे बघून हसला. "आप्पा, आता आपलं दोघांचंबी काम गेलं."

"तुजं तर लॉरी उलटली तवाच गेलं व्हतं," हवालदार म्हणाले, आणि बनुबाईचं पुढचं वाक्य अडलं तिथे हळूच शब्द पुरवायला पुढे सरकले. तिने हाताने त्यांना थांबवलं. तो शब्द तिला स्वतःलाच वाचायचा होता.