संचित नफ्याचे अठरा लाख

सुप्याजवळच्या गावात मालनबाईंनी बायकांना जमवून डाळमिलची कंपनी काढली, तेव्हा घरातूनच हसं झालं होतं. पाठीशी उभी राहिली ती एकटी मोठी जाऊ, आक्काबाई. मिल चालली. दरवर्षी सभेत मालनबाई सांगायच्या, "नफा वाटून घेऊ नका गं. कंपनीत राहू द्या, वाढंल." सगळ्या ऐकायच्या. होता होता संचित नफा अठरा लाखांवर गेला.

मग स्वस्त पाकीटबंद डाळ दुकानोदुकानी आली आणि यांच्या डाळीची मागणी आटली. दोन वर्षं मिल रडतखडत चालली. त्यातच आक्काबाईच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं.

"मालन, माझा वाटा तेवढा काढून दे."

मालनबाई तडक नगरला हिशेबनीस सॅम्युएल सरांकडे गेल्या.

"ताई, मजुरी, वीज, व्याज, यंत्रांची झीज हा सगळा खर्च विक्रीतून वजा केला," सर म्हणाले. "राहिलं त्यावर कर भरला. त्यानंतर उरलेला नफा तुम्ही वाटला नाहीत, तो या आकड्यात साठत गेला."

"म्हंजी खर्च न् कर भागूनच उरल्यात. मग आमचंच हाय की!"

"तुमचंच. पण बँकेत नाही. त्यातूनच तर शेड बांधली, पॉलिशचं मशीन घेतलं. शिवाय दोन वर्षं विक्रीपेक्षा खर्च जास्त झाला. तो तोटा याच आकड्यातून गेला. आता तीन लाख उरलेत, तेही यंत्रांत अडकलेले."

हे मालनबाईंनी कधी विचारलंच नव्हतं.

आक्काबाईचा वाटा द्यायला त्यांनी मशीन विकायला काढलं, तर गिऱ्हाईक मिळेना. भंगारवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून त्या तशाच मागं फिरल्या.

सभेत त्यांनी सरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. कुणाला पटलं नाही. आक्काबाई तेवढी शांतपणे म्हणाली, "इतकी वर्सं तूच म्हनायचीस, पैसं हायती म्हनून."

दोन्ही म्हशी घोडेगावच्या बाजारात विकून आक्काबाईनं ऑपरेशन केलं. पण उशीर झाला होता. दिवसकार्याला मालनबाई भाकरी घेऊन गेल्या, तेव्हा जाऊ दारातून उठून आत गेली. त्या भाकरी कुणी उचलल्याच नाहीत.

आता मिलला कुलूप आहे. मालनबाई सुप्याच्या एमआयडीसीत डाळ निवडायला जातात. गाडीत गावच्याच बायका असतात. मालनबाईंच्या शेजारी कुणी बसत नाही, आणि त्याही आता कुणाला जागा धरत नाहीत.