आईच्या लुगड्याचं गाळणं

अक्काच्या म्हशीचं दूध आमच्या देवपूरच्या घरात सोमवारी सकाळी फाटायचं. रविवारी आणल्याबरोबर उकळलेलं असूनही. आंबायचं नाही, वास यायचा नाही; चहात ओतलं की निमूटपणे फाटायचं. आणि मी पडलो दूध तपासण्याच्याच नोकरीत, त्यामुळे बायकोला बोलायला आयतंच सापडलं.

"अहो, गावभरचं दूध तपासता ना? मग हे आपलं एवढं बघा. नाही जमलं तर पिशवीचं आणू."

पिशवीशी माझं वैर नाही. पण अक्का, माझी थोरली बहीण, अमळनेरकडच्या आमच्या गावात एकटी राहते आणि म्हैस तिनं माझ्या रविवारच्या दुधाच्या डब्यापायीच ठेवलीय. डबा बंद झाला की म्हैस बाजारात जाणार, आणि म्हैस गेली की मला गावी जायला निमित्त उरणार नाही. पन्नाशीच्या माणसाला घरात 'बहिणीची आठवण येते' असं म्हणता येत नाही. 'दूध घेऊन येतो' असं म्हणता येतं.

पुढच्या रविवारी मी प्रयोगशाळेतल्या दोन स्वच्छ बाटल्या घेऊन गेलो. एकीत गाळण्याआधीचं दूध घेतलं, दुसरीत गाळलेलं.

"म्हशीले काय व्हयनं?" अक्कानं विचारलं.

"काही नाही. फक्त तपासतो."

"तपास बापा. मी बी तेच पेस, मरनू का?"

जिवाणू अडचणीत आला की काही वेळा स्वतःभोवती टणक कवच करून निपचित पडतो. त्याला आम्ही बीजाणू म्हणतो. दूध उकळलं की बाकीचे मरतात, हा उलट जागा होतो. म्हणून तपासताना आम्ही दूध मुद्दाम तापवतो आणि जे तगलं ते प्लेटवर वाढू देतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर गाळण्याआधीच्या प्लेटवर जिवाणूंचे तुरळक ठिपके होते. गाळलेल्या दुधाच्या प्लेटवर बोट ठेवायला जागा नव्हती.

म्हैस सुटली, बादली सुटली. दोष गाळण्याच्या फडक्याचा होता. आणि ते फडकं म्हणजे आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. आई गेल्यापासून अक्का त्यातूनच दूध गाळते, रोज धुते आणि गोठ्यातल्या दोरीवर वाळत घालते.

हे तिला सांगायला पुढचा रविवार उजाडावा लागला. जिवाणूंवर मी तासभर बोलू शकतो, पण तिथं माझं एक वाक्य धड पूर्ण होईना. शेवटी फडक्याकडे बोट दाखवलं.

"मायनं लुगडं शे ते, भाऊ."

"माहीत आहे."

"फेकी देऊ का मंग?"

तिच्या हातातून ते मीच घेतलं. म्हटलं, स्वच्छ करून आणतो. नुसत्या उकळीनं भागणार नव्हतं, दाबातली वाफ हवी. प्रयोगशाळेत त्याचं यंत्र आहे. पण आईला ऑफिसात न्यायला मन होईना. राहिला घरचा कुकर.

"माझ्या कुकरमध्ये सासूबाईंचं लुगडं?" बायको म्हणाली. शिट्टी मात्र तिनंच बसवली.

त्यानंतरच्या रविवारी ते फडकं आणि नवी पांढरी मलमल, दोन्ही घेऊन गेलो. अक्कानं लुगड्याचा तुकडा उलगडला, नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

"हाई कोनं शे?" तिनं विचारलं, जणू मी दुसऱ्याच कुणाचं आणलं होतं.

मीही हुंगून पाहिलं. तुरीच्या डाळीचा वास येत होता. धूर, दूध, आईचा पदर, सगळं मी जंतूंबरोबर उकडून टाकलं होतं.

दूध तिनं मलमलीतून गाळलं. जुना तुकडा चुलीजवळच्या खुंटीला लावला.

आता दूध मंगळवारपर्यंत टिकतं. बायको खूश आहे आणि म्हैस दावणीला आहे. परवा गेलो तेव्हा अक्का धार काढून आली, हात खुंटीवरच्या फडक्याला पुसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रोज पुसस. येई मंग वास परत."

शेणाचे, दुधाचे, राखेचे हात. त्यांच्याबरोबर त्या फडक्यात काय काय परत येईल, ते मला प्लेट न लावताही सांगता आलं असतं. मी डब्याचं झाकण घट्ट केलं. ती चहाला आधण ठेवायला वळली, तेव्हा खुंटीपाशी जाऊन हळूच हुंगून घेतलं.

अजून डाळच येत होती.