सांगितल्याशिवाय बसायचं नाही

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

माझी मुलगी सई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. वीकेंडला इथे अमेरिकेत, ट्रॉयला घरी आली होती. आज जेवायला सगळे बसले, ही खुर्चीमागे उभीच. "अगं, बस ना," म्हटल्यावर बसली.

बायकोने खोदून विचारलं तेव्हा कळलं, सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या क्लबात, नव्या मुलींनी सीनियरने सांगितल्याशिवाय बसायचं नाही. अंगवळणी पडलं होतं पोरीच्या! मी भडकलो. कॉलेजला आत्ता ईमेल करतो म्हणालो.

"बाबा, रिलॅक्स. यू डिड इट टू. तुझी ती फनी स्टोरी!"

खरंय. हॉस्टेलवर सीनियर्सनी मला टेबलावर एका पायावर उभं करून बातम्या वाचायला लावल्या, हा किस्सा मी मित्रमंडळींच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला ॲक्टिंगसकट सांगतो. त्यातलाच एक सीनियर पुढे माझा जिगरी दोस्त झाला, इथे टाळ्या पडतात.

माझा रूममेट आठव्या दिवशी कॉलेज सोडून गेला, हे मी कधीच सांगत नाही. आजही जीभ रेटली नाही.

सई परत गेली. तीनदा फोन केला, उचलत नाहीये.

तुमच्या रॅगिंगच्या किश्शातून तुम्ही कोणाला गाळलंय?