दोन रेषा भेटेपर्यंत

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. दहावीला बसणारी मोठी माणसं घरी शिकायला बोलवा, किस्से आपोआप जमतात. मी दिवसा शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत, बाहेरून दहावी देणाऱ्यांना. स्वभाव मुळात उतावळा. फळ्यापासून खिडकीपर्यंत माझ्या सारख्या येरझाऱ्या चालू असतात आणि विद्यार्थी माना फिरवत शिकतात.

गेल्या वर्षी तिघं होते. शिंदे मकरपुऱ्यात कारखान्यात मशीनवर, दहावी झाली की प्रमोशन. हंसाबेन आमच्या शेजारच्या गुजराती, नात्यागोत्यातली लग्नं जुळवणाऱ्या. नातवाच्या आधी आपली दहावी व्हावी, एवढाच हट्ट. आणि मंदाताई, अंगणवाडीत तेडागर, म्हणजे मदतनीस. तिथल्या मुख्य ताईंची जागा रिकामी होणार होती. त्यासाठी दहावी हवी होती, आणि वयाच्या अटीत मंदाताईंचं ते शेवटचं वर्ष. गणितात त्या आधी नापास झालेल्या. आलेख काढून दोन समीकरणं सोडवायचा प्रश्न तेवढा त्यांच्या आवाक्यातला, म्हणून मी तोच धरून बसले होते.

*

पहिल्या दिवशी मी घरगुती उदाहरण घेतलं. खंडेराव मार्केटातून एकीने दोन किलो बटाटे आणि एक किलो कांदे आणले, दुसरीने एक किलो बटाटे आणि दोन किलो कांदे. प्रत्येकीचे एकूण पैसे दिलेत, भाव काढा.

मंदाताईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"काय अडलं?"

"बाई, या दोघी घरी येऊन भाव काढतायत?"

"हो."

"मग तिथे उभ्या असताना विचारला का नाही?"

मी काही बोलायच्या आत शिंदे म्हणाले, "मॅडम, या दोघींना मार्केटात पाठवायलाच नको होतं."

*

मग मी भाव सोडले आणि सरळ आलेखाच्या कागदावर आले. एका समीकरणाची एक रेषा. दुसऱ्याची दुसरी. दोघी जिथे एकमेकींना छेदतात, तो बिंदू दोन्ही समीकरणांना चालतो, तेच उत्तर. तिघांनी माना डोलावल्या. विद्यार्थ्यांनी मान डोलावली की मला धडकी भरते.

शिंद्यांनी पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं आणि रेषा मारल्या. उत्तर तीन आणि दोन यायला हवं होतं. त्यांचा बिंदू तीनच्या जरा अलीकडे आणि दोनच्या जरा वर.

"शिंदे, चुकलंय."

त्यांनी पट्टी लावून पुन्हा पाहिलं. "टॉलरन्समध्ये आहे, मॅडम. आमच्याकडे एवढ्या फरकात जॉब पास होतो."

"इथे होत नाही."

"मग तुमचं इन्स्पेक्शन फार कडक आहे," असं म्हणून त्यांनी नाइलाजाने रबर उचललं.

*

समांतर रेषा आल्या त्या दिवशी हंसाबेननी मला घाम फोडला. दोन रेषा समांतर असल्या की त्या भेटत नाहीत, उत्तर नाही, असं लिहून मोकळं व्हायचं. मी फेरी मारून आले तर त्यांच्या कागदावर दोन्ही रेषा एका कोपऱ्यात भेटलेल्या.

"हंसाबेन, या कशा भेटल्या?"

"थोडुं एडजस्ट कर्युं, बेन." एक रेषा त्यांनी जराशी कलती केली होती. "बेउने आम छूटां शुं काम राखवां?"

दोघींना असं वेगळं कशाला ठेवायचं! चाळीसेक लग्नं जुळवलेल्या बाईला "उत्तर नाही" हे उत्तर पटवणं माझ्याने झालं नाही. शेवटी त्यांनी ते लिहिलं, पण तोंड वाकडं करून.

*

मंदाताईंची अडचण वेगळीच निघाली. x अधिक y बरोबर पाच. त्यांनी बिंदू नीट मांडले, जोडले आणि कागद फिरवून धरला.

"कागद सरळ धरा."

"बाई, सरळ धरला की ही घसरते."

"मग घसरू द्या."

"अशी कशी घसरू देऊ?"

अंगणवाडीत प्रत्येक मुलाच्या वजनाचा आलेख असतो. रेषा चढली तर मूल वाढतंय, उतरली तर सगळ्यांची धावपळ. मला हसायला आलं नाही. दुसऱ्यांची पोरं जपणाऱ्या बाईला उतरती रेषा बघवत नाही, याने मला गलबलून आलं. आणि लगेच धास्ती बसली, कारण पेपरात निम्म्या रेषा उतरत्याच असतात. महिनाभर मी त्यांच्याकडून फक्त उतरत्या रेषा काढून घेतल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "सवय झाली, पण चैन पडत नाही."

*

आता परीक्षेचा दिवस. निकाल आधीच सांगून टाकते, कारण किस्सा संपेपर्यंत मलाच दम निघणार नाही. मंदाताई पास झाल्या, अगदी काठावर. पण त्या दिवशी हे मला ठाऊक नव्हतं. देव पाण्यात घालून मी परीक्षेच्या शाळेबाहेर फेऱ्या मारत होते. शिंदे आले, हंसाबेन आल्या, दोघंही खूश. मंदाताई सगळ्यांच्या शेवटी आल्या.

"आलेख आला होता?"

"आला की. काढला."

"रेषा भेटल्या?"

"भेटल्या, पण कागदाबाहेर."

माझे पाय तिथेच थांबले. यांनी आलेखाचं माप मोठं घेतलं होतं, कागद अपुरा पडला होता.

"मग सोडून दिलात?"

"सोडते कशी? पट्टी तशीच पुढे सरकवली आणि बाकावर भेटवल्या. बिंदूला गोल केला. सुपरवायझर ओरडत आले, तर त्यांचीच सही घेतली गोलाशेजारी. पेपरात लिहून आलेय, उत्तर खिडकीजवळच्या बाकावर आहे."

मी फुटपाथच्या कडेला बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच बसले असेन.

"मंदाताई, तपासणारे काय बाक मागवून घेणार आहेत?"

त्यांनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि शांतपणे म्हणाल्या, "घ्यावा की. इथे माझी नोकरी अडलीय बाई, त्यांना एक बाक उचलवत नाही?"