म्यानदादाचे स्वच्छ हात

संग्रहालयातल्या जुन्या तलवारींची म्यानं आतून साफ करण्यात त्याचा जन्म गेला होता. सगळे त्याला म्यानदादाच म्हणत. म्यान आतून लाकडाचं, वरून चामड्याचं. आत जुनं तेल, धूळ आणि गंज यांचा चिकट थर बसलेला. पाणी लागलं की लाकूड फुगतं, म्हणून पातळ काठीला मऊ कापड गुंडाळायचं आणि नुसत्या अंदाजाने तो थर हलकेच काढत राहायचं.

साठी उलटली तसा त्याचा हात थरथरू लागला. एकदा घरी काम करताना काठी आत आपटली आणि लाकडाची ढलपी बाहेर आली. बायकोने ते पाहिलं. तिने काठी स्वतःच्या हातात घेतली. तेव्हापासून काम तीच करायची. तो शेजारी बसून सांगायचा. पुढे पुढे सांगण्यासारखंही काही उरलं नाही.

एका दुपारी संग्रहालयाच्या बाई तलवार घेऊन घरी आल्या. कित्येक वर्षं अर्ध्यावर अडणारं पातं बायकोने साफ केलेल्या म्यानात अलगद सरकलं.

"दादा, तुमच्या हाताला तोड नाही," बाई म्हणाल्या.

बायको पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिची नखं तेलाने काळी झाली होती. त्याने आपले स्वच्छ हात मांडीखाली घेतले.

"सवयीचं काम आहे," तो म्हणाला.

रात्री जेवताना त्याने विचारलं,

"रागावलीस का?"

"भाजी घ्या," ती म्हणाली.

सकाळी उठून तो संग्रहालयात गेला, बाईंशी बोलला आणि जरा हलका होऊन परतला.

"काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"हेच, की माझा हात थरथरतो, म्हणून तू मदत करतेस."

"मदत?"

तिचा आवाज चढला नाही, पण त्याचे कान तापले. काढलेल्या चपला त्याने पुन्हा पायात घातल्या.

या वेळी संग्रहालयात, सगळं काम बायकोच करते हे सांगताना त्याला बाईंकडे बघवेना. बाईंनी ऐकून घेतलं. "वहिनींनाच पाठवायचं होतंत," एवढंच म्हणाल्या.

पुढचं म्यान घेऊन शिपाई आला, तेव्हा दार त्यानेच उघडलं.

"वहिनी आहेत का? बाईंनी त्यांच्याच हातात द्यायला सांगितलंय."

त्याने बायकोला हाक मारली आणि खाली मान घालून वाटेतून बाजूला झाला.