कारण क्रमांक एक

सरांनी माझा पेपर दोन बोटांत धरून वर केला आणि वर्गाला विचारलं, "हा निबंध आहे की गटाराच्या कडेचं भांडण?"

वर्ग हसला. मीही हसले. अपमान झाला की आधी आपणच हसून घ्यायचं, ही आमच्या घरातली जुनी खोड.

शाहूपुरीतला स्पर्धा परीक्षेचा क्लास. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. विषय दिला होता 'ग्रामीण स्वच्छता : समस्या आणि उपाय'. मला वाटलं, हा तर आपल्याच दारातला विषय. मी लिहिलं होतं, आमची वस्ती गावाच्या उताराला आहे. वरच्या आळीनं रस्ता करताना आपल्या गटाराचं तोंड आमच्याकडं वळवलं. पावसाळ्यात ते पाणी चुलीपर्यंत येतं. माझी आई रोज शेतात भांगलणीला जायच्या आधी खोऱ्यानं गाळ ओढते.

सरांनी ते मोठ्यानं वाचलं. 'चुलीपर्यंत'ला थांबले. 'खोऱ्यानं'ला थांबले. भातात खडा लागल्यावर माणूस थांबतो तसे. मग म्हणाले, "निबंधात माणसं नसतात. घटक असतात. आई, आळी, खोरं, हे सगळं घरी ठेवून यायचं. कुणी केलं, हे निबंध विचारत नाही. का झालं, एवढंच विचारतो."

पेपर परत देताना आवाज खाली आणून आणखी एक वाक्य बोलले. पण गळ्यातला माईक चालूच होता. "तुमच्या वस्तीतून येणाऱ्यांचं हेच होतं. रडगाणं थांबत नाही."

सत्तर पोरं. सगळ्यांनी ऐकलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली. तीही सरांची नव्हे, माझ्याच लिहिण्याची. हे आठवलं की आजही अंगावर शहारा येतो.

मी साचा शिकले. प्रस्तावना, व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय, आशावादी समारोप. तुलना कशी मांडायची, काळाच्या क्रमानं कसं सांगायचं, मोठ्या मुद्द्यावरून बारक्या मुद्द्यावर कसं यायचं, सगळं शिकले. साच्याला मी नावं ठेवणार नाही. त्यानं डोक्यातला गुंता सुटतो. खोट एवढीच होती की 'कारणे' या शब्दाखाली काय भरायचं ते आधीच ठरलेलं असायचं.

मी पुन्हा निबंध लिहिला. कारण क्रमांक एक : वस्त्यांमधील लोकांची स्वच्छतेविषयी उदासीनता.

हे वाक्य सरांनी सांगितलं नव्हतं. ते माझं. त्यांनी रिकामी जागा दिली, तिथं आईला नेऊन मी बसवलं. वरची आळी निबंधातून गायब. गटार आपोआप वळलेलं. वर्गात सगळ्यात जास्त गुण मला. सरांनी तो आदर्श निबंध म्हणून छापून वाटला आणि नव्या बॅचला रविवारी निबंध शिकवायचं काम मला दिलं. गावातून क्लासला जाऊन तिथंच शिकवायला लागलेली मी पहिली. मी फुगले. खोटं कशाला बोलू?

छापलेला कागद आईला दाखवला. आई सातवी शिकलेली. बोट ठेवून वाचते. कारण क्रमांक एकवर तिचं बोट थांबलं.

"उदासीनता म्हंजे उदास की गं?" तिनं विचारलं.

तिनं तेच वाक्य परत एकदा बोट ठेवून वाचलं.

"खरं लिवलंस बग पोरी," ती म्हणाली. "त्या पाण्यापायी माणूस उदासच हुतंय."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "व्हय."

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन शेजारच्या मालनआक्काकडं गेली. दारातून मला सगळं ऐकू येत होतं. "आमच्या पोरीनं लिवलंय. वस्तीतली लोकं उदास हायती म्हणून. एवढं कोण लिवतंय का आपल्याबद्दल?" मालनआक्का म्हणाली, "शिकल्यावर इसरत्यात म्हणं लोकं. तुजी इसरली न्हाय."

मी आत बसून होते. जेवण उतरेना. मालनआक्काच्या घरात त्या पाण्यापायी तिची दोन नातवंडं तापानं झोपलेली. आणि मी त्यांच्या आजीला बेफिकीर ठरवून पहिली आले होते.

त्याच रविवारी नवी बॅच. सरांनी सांगितलं, "तुझा आदर्श निबंध त्यांना उतरवून घ्यायला सांग." मी सांगत गेले. प्रस्तावना झाली, व्याख्या झाली. कारणे. क्रमांक एक. वाक्य तोंडातून गेलं आणि सगळ्या माना एकदम खाली वाकल्या. पेनांचा आवाज येत होता. आता हे पाठ करणार. परीक्षेत लिहिणार. साहेब होणार. मग कुठल्यातरी वस्तीत जीपमधून उतरून हेच तिथल्या लोकांच्या तोंडावर मारणार, आणि ह्या साहेबांना ते खरंच वाटत असणार.

"खोडा ते," मी म्हणाले.

माना वर आल्या.

"लिहा. कारण क्रमांक एक. वरच्या आळीनं आपलं गटार खालच्या वस्तीकडं वळवलं आणि ग्रामपंचायतीनं वळवू दिलं."

मागून एकानं विचारलं, "ताई, घटक कुठला म्हणायचा ह्यात?"

"घटक न्हाय. माणसं हायती," मी म्हणाले. क्लासात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडून माझी बोली निघाली.

सर दारात उभे होते. "साच्यात बसत नाही हे."

"न्हाय बसत, सर."

"मग तूही बसत नाहीस इथं."

मी पिशवी उचलली. जिना उतरले. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. पुढची परीक्षा डोळ्यांसमोर होती, आणि आई.

घरी जाऊन आईला समोर बसवलं. "उदासीनता म्हंजे उदास न्हवं, आई. म्हंजे फिकीर नसणं. घाणीत राहतोय त्याचं तुम्हाला काही वाटत न्हाय, असं मी लिहिलंय."

आईनं हातातली भाजी खाली ठेवली. "तू लिवलंस?"

"मी."

"आणि मी इचारलं तवा व्हय म्हणालीस."

"व्हय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मालनआक्काला मी वाचून दावलंय ते. आता मी तिला तोंड दावणार न्हाय. तू जा. तूच सांग."

गेले. सांगितलं. मालनआक्कानं मला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. आमच्या वस्तीत एवढी शिक्षा पुष्कळ झाली. तिथून पुढच्या दारात गेले, मग त्याच्या पुढच्या. काहींनी माफ केलं, काहींनी शिव्या घातल्या, एक म्हातारा हसला. मी माफी मागायला गेलेच नव्हते. माझा शब्द परत घ्यायला गेले होते.

येत्या ग्रामसभेत मी उभी राहणार आहे. वरच्या आळीची माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसलेली असतील. त्यांच्यासमोर गटार वळवणाऱ्यांची नावं वाचणार. वळवू देणाऱ्यांची वाचणार. त्याच यादीत, ह्याला आमचीच उदासीनता म्हणणारीचं नाव वाचणार. ते माझं आहे. तेही तेवढ्याच मोठ्यानं वाचणार.