कोपरा फाटलेलं पत्र

गुणाबाईंच्या हातात कुठलाही कागद द्या, लग्नपत्रिका असो की रेशनची चिठ्ठी, त्या आधी त्याचे चारी कोपरे अंगठ्यानं चाचपून बघत. मगच वाचत. निपाणीतल्या नव्या सुना पदर तोंडाला लावून हसत. पण एकतीस सालच्या श्रावणातली ती दुपार ज्यांनी पाहिली होती, त्यांना हसू येत नसे.

गुणाबाईंचे यजमान यल्लाप्पा मास्तर नाटक मंडळीत पदांना चाली लावायचे. नवं नाटक हाती आलं की त्यांना निपाणीतला तंबाखूचा खकाणा नको व्हायचा आणि बाजारातला गलकाही. बाजाची पेटी गाडीत घालायची आणि थेट जांबोटी गाठायची. तिथं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडवीत ते रानाकडे तोंड करून बसत. चाल जमली की कागदावर उतरवून टपालानं धाडत. मंडळीचा मुक्काम आज चिकोडीला तर उद्या संकेश्वरला, म्हणून पत्रं घरच्या पत्त्यावर येत आणि मॅनेजर आण्णाप्पा येऊन ती घेऊन जात. पत्रात सगळी पदंच. गुणाबाईंच्या वाट्याला शेवटची एक ओळ, 'घरी खुशाली सांगावी.' तीही आण्णाप्पाच वाचून दाखवत, कारण गुणाबाईंना अक्षर येत नव्हतं. तरी पाकीट आलं की त्या आधी फोडून बघायच्या. सा रे ग म ची सुटी सुटी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसली की त्यांचा जीव निवांत व्हायचा.

त्या दुपारी पाकीट फोडलं तर मुंग्या नव्हत्याच. गच्च लिहिलेल्या ओळी होत्या. आणि वरचा उजवा कोपरा फाडलेला.

मर्तिकाच्या पत्राचाच कोपरा फाडतात, हे काय कुणी सांगायला हवं? कागद गुणाबाईंच्या हातातून गळून पडला. शेजारच्या चंपाबाई तंबाखू निवडता निवडता हात झाडत आल्या आणि जमिनीवरचा कागद बघून दारातच थिजल्या.

"अय्यो, गुणाक्का... कागद घरात ठिवू नको गं."

घटकाभरात ओसरी बायकांनी भरली. कुणीतरी रडायला सुरुवात केली. एका म्हातारीनं कुंकू पुसायला हात पुढं केला, तसं गुणाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"माझ्या डोळ्यानं बघंस्तवर माझ्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाय."

तेवढ्यात आण्णाप्पा आले. त्यांनी कागद उचलला, भराभर वाचला आणि ओरडलेच, "अवो वयनी, हे मास्तरांचंच पत्र हाय! पद कसं म्हणायचं, कुणी कुठं थांबायचं ते लिवलंय. ह्यात मेलंय कोण?"

"माझी आई गेली तवा काय वाचलासा?" गुणाबाईंचा आवाज कोरडा होता. "म्हणं, आई जरा आजारी हाय. मी पोचले तर अस्थी गोळा करत हुते."

आण्णाप्पांची मान खाली गेली. खरंच होतं ते. अशी बातमी सरळ कुणी सांगत नाही, आजारी म्हणूनच सांगायची. त्यांनी जनरीत तेवढी पाळली होती. पण आता ते घसा कोरडा करून खरं सांगत होते, आणि ओसरीवरच्या एकाही बाईला ते पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई चंपाबाईंना घेऊन बेळगावच्या मोटारीत बसल्या. तिथून पुढं बैलगाडी. गाडी चिखलात रुतली तशा दोघी पायी निघाल्या. वाटेत भेटणाऱ्या एकालाही गुणाबाईंनी मास्तरांबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर तोही आजारी म्हणाला असता.

शेतकऱ्याचं घर दिसायला लागलं आणि कानावर सूर आला. एकच सूर, घोगरा, पुन्हा पुन्हा. गुणाबाई चिखलात उभ्याच राहिल्या. मग लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून जवळजवळ धावतच पडवीशी गेल्या.

यल्लाप्पा मास्तर पेटी उघडून बसले होते. चिमटीत कागदाचा एक तिकोनी तुकडा.

"तू? हितं कशी गं?"

गुणाबाई प्रेत बघायची तयारी करून आल्या होत्या. खांब धरून त्यांनी एवढंच विचारलं, "पत्राचा कोपरा कुठं हाय?"

"ह्यो की!" मास्तरांनी चिमटीतला तुकडा दाखवला. "हितल्या दमट हवेनं पेटीतली सुराची पितळी जीभ चिकटतीया. खालनं कागद सरकवला की मोकळी हुती. हाताला त्योच कागद घावला."

चंपाबाई पडवीच्या पायरीवर मटकन बसल्या. "मास्तर, आमच्या गल्लीत तुमच्या बाराव्याला किती पानं उठतील ते मोजून झालंय!"

मास्तर पोट धरून हसले. गुणाबाई हसल्या नाहीत. हसता हसता मास्तरांची नजर त्यांच्या पायांवर गेली. घोट्यांना जळवा चिकटल्या होत्या आणि चिखलातून रक्ताचे ओघळ उतरत होते. मास्तरांचं हसू तिथंच विझलं. ते उठून आतून मीठ घेऊन आले आणि पायाशी बसून एकेक जळू काढायला लागले.

"पुढचं पत्र मी वाचणार," गुणाबाई म्हणाल्या. "मला लिवायवाचायला शिकवा."

"शिकवतो की. हे तिसऱ्या अंकाचं पद तेवढं..."

"पद ऱ्हाऊ दे. आत्ता."

आठवडाभरानं आण्णाप्पांच्या हाती तिसऱ्या अंकाचं पद पडलं. कागदाचे चारी कोपरे शाबूत होते. उलटल्यावर मात्र पाठीमागं वाकड्यातिकड्या अक्षरांत वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, गुणा, गुणा, गुणा. आण्णाप्पांनी तो कागद बराच वेळ उलटासुलटा केला आणि मंडळीतल्या तबलजीला विचारलं म्हणे, "हे पद कुठल्या पात्राच्या तोंडी घालायचं रं?"